एका शब्दाचा शेवटचा वापर

दर महिन्याला डोरा एल्स्टोबच्या दारात दोन गोष्टी यायच्या. एक सरकारी कोळसा मंडळाकडून खाणकामगाराच्या विधवेच्या वाट्याचा कोळसा आणि दुसरं मिस प्रॉक्टरचं पत्र. त्या जानेवारीत देशभर खाणकामगारांचा संप होता, त्यामुळे कोळसा आला नाही. पत्र मात्र वेळेवर आलं, आणि वाचून झाल्यावर डोराला वाटलं की याच्याऐवजी कोळसा आला असता तर बरं झालं असतं.

मिस प्रॉक्टर दक्षिणेत एका मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत बसायची. तिला डोराने कधी पाहिलेलं नव्हतं. कोशाला गावोगावचे वाचक लागतात. पगार नाही, मानपत्र नाही. वाचक वाचतात, आणि एखादा शब्द लक्ष वेधून घेईल तिथे थांबून चिठ्ठी करतात. डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली तारीख, छापील मजकुराचं नाव, पान, आणि मग ते अख्खं वाक्य, जसंच्या तसं. बारा वर्षांत डोराने अशा नऊ हजार चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. बियाण्यांची यादी, चर्चचं मासिक, खुनाच्या कादंबऱ्या, माशांच्या पाकक्रियांचं पुस्तक, काही म्हणून तिने सोडलं नव्हतं. त्याआधी चौतीस वर्षं ती हार्टसहोपच्या खाणकामगारांचं वाचनालय सांभाळत होती. खाण बंद पडली, वाचनालयाच्या इमारतीत गालिच्यांचं दुकान आलं, पण बाईची सवय काही सुटली नाही.

या वेळच्या पत्रासोबत एक यादी होती. ‘टी’ अक्षराचं काम संपत आलं होतं आणि संशयित शब्द सगळ्या वाचकांकडे पाठवले होते. चौदा शब्द होते. नववा होता ‘टेनेब्रस’. अर्थ: अंधारलेला, काळोखाने भरलेला. १९०८ नंतर एकही छापील दाखला नाही. फेब्रुवारीअखेर कोणी आक्षेप घेतला नाही तर शेरा: ‘केवळ काव्यात. आता प्रचारात नाही.’ आणि शब्दाच्या पुढे छोटासा क्रूस. या कोशाची ही पद्धतच होती. मेलेल्या शब्दापुढे ते क्रूस छापत.

डोराने यादी टेबलावर ठेवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. क्रूसवाला शब्द तिच्या नवऱ्याचा होता.

विल्फ्रेड एल्स्टोब १९३४ साली वाचनालयाच्या खिडकीशी उभा राहिला होता, हातात एक जाड पुस्तक, नखांत कोळसा. आंघोळ करूनच आला होता, पण खाणीतल्या माणसाच्या नखांना आंघोळ पुरत नाही. त्याने एका ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय आहे? डोराने सगळ्यांसमोर कोश उघडून अर्थ वाचून दाखवला होता. अंधारलेला, काळोखाने भरलेला. विल्फ म्हणाला होता, मग मी तिथेच कामाला आहे की. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. त्यानंतर तो शब्द त्याने सोडला नाही. खाणीत नेला, तिथल्या माणसांत रुजवला, आणि घरी रोज रात्री दिवा मालवला की अंथरुणातून म्हणायचा, ‘टेनेब्रस, डोरा.’ ती म्हणायची, ‘हो रे, कळलं. झोप आता.’ लग्नाआधीचा जुना विनोद, असंच ती धरून चालली होती. माणूस गेला त्याला आता फेब्रुवारीत सहा वर्षं होत होती. घरात त्याचा एक कोट होता, एक टोपी होती आणि हा शब्द.

तिने त्याच दिवशी मिस प्रॉक्टरला लिहिलं. हार्टसहोप खाणीच्या तिसऱ्या थरात हा शब्द पंचवीसेक वर्षं रोज वापरात होता, मी स्वतः ऐकला आहे. चार दिवसांत उत्तर आलं. मिस प्रॉक्टर नेहमीसारखीच मृदू होती आणि नेहमीसारखीच ठाम. ‘आपल्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आपण जाणताच की बोललेलं आम्हाला धरता येत नाही. छापील, तारखेचं आणि पानाचं काही मिळालं तर अवश्य पाठवा.’

जाणत होतीच. बारा वर्षं हाच नियम तिने इतरांना पढवला होता. मग तिने शोधाशोध केली. खाणीच्या मुकादमांच्या वह्या हाताने लिहिलेल्या, आणि त्यांत ‘छत ठीक, वायू नाही’ याखेरीज काही नाही. वाचनालयाच्या सभांची इतिवृत्तं म्हणजे गळकं छप्पर आणि बिलियर्डचं टेबल. विल्फची पत्रं असायचा प्रश्नच नव्हता. ज्याच्याशी रोज एका ताटलीतला पाव वाटून खाल्ला तो माणूस पत्र कशाला लिहील? तिसऱ्या थरात हा शब्द वापरणारे म्हणजे विल्फ, बिली रेन, टॉमस लोव्ह्ज आणि नॉर्मन ट्वेडल. त्यांतले तिघे स्मशानात होते. नॉर्मन शेजारच्या घरात होता, भिंतीपलीकडे, छातीत चाळीस वर्षांची कोळशाची धूळ घेऊन. जिना चढणं बंद झाल्यापासून त्याची खाट खाली शेकोटीजवळ आणली होती. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तोही बोललेलंच सांगणार.

आणि मग जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी, बटाटे सोलता सोलता, तिला एक वाईट विचार सुचला.

तो वाईट आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं, कारण असाच विचार करणाऱ्या एका माणसाची खोड तिनेच मोडली होती. निवृत्त मुख्याध्यापक मिस्टर हॅलिडे यांनी एक शब्द स्वतः बनवला होता, आणि तो कोशात शिरावा म्हणून स्थानिक साप्ताहिकाला दर महिन्याला पत्र लिहून त्यात तो घुसडत होते, कधी गटारांवर, कधी कुत्र्यांवर. डोराने ते हेरलं आणि मिस प्रॉक्टरला कळवलं. शब्द बाहेर राहिला. मिस्टर हॅलिडे अजून रस्त्यात तिला पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जातात. वाचकाने शब्द पेरायचा नसतो, वेचायचा असतो, असं ती तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती.

मंगळवारी ती बसने तालुक्याला गेली, ‘वेअर व्हॅली मेसेंजर’च्या कचेरीत.

तिथे गल्ल्यावर ब्रेंडा नावाची तरुण बाई बसायची. तिच्यासमोर एक मोठी वही असे, स्मरणाच्या सदरासाठी तयार कवितांची. गेलेल्या माणसाच्या तारखेला घरचे लोक चार ओळी छापतात, ही तिथली रीत. वहीत आईसाठी वेगळ्या ओळी, नवऱ्यासाठी वेगळ्या, प्रत्येकीला नंबर. डोरा दर वर्षी सतरा नंबर घ्यायची. त्यात ‘डोळे’ आणि ‘ओले’ असं यमक होतं, आणि विल्फ जिवंत असता तर हसून हसून त्याला ठसका लागला असता, हे तिला माहीत होतं. तरी घ्यायची. सगळे घेतात.

ब्रेंडाने न विचारताच सतरा नंबर लिहायला घेतला. डोरा म्हणाली, या वर्षी माझं मी लिहून आणलंय. ब्रेंडाने कागद वाचला आणि मधल्या शब्दावर पेन्सिल टेकवली.

‘मिसेस एल्स्टोब, हे काय आहे?’

‘शब्द आहे.’

‘तो दिसतोय मला. लोक विचारतील ना. मागे एकाने लॅटिन छापलं, तर तीन जणांनी फोन केला की तो कॅथलिक झाला का म्हणून.’

‘विचारू दे,’ डोरा म्हणाली. ‘म्हणावं, कोशात बघा.’

शुक्रवारी, चार फेब्रुवारीला, ‘मेसेंजर’च्या अकराव्या पानावर, दुसऱ्या स्तंभात, एका कुत्रा हरवल्याच्या जाहिरातीच्या वर ते छापून आलं. ‘विल्फ्रेड एल्स्टोब, ४ फेब्रुवारी १९६६. तू गेलास आणि हे घर टेनेब्रस झालं. डोरा.’

तिने पेपराला कात्री न लावता, जेवायच्या टेबलावर कोरी चिठ्ठी घेतली. डाव्या कोपऱ्यात शब्द. खाली तारीख. साप्ताहिकाचं नाव. पान अकरा, स्तंभ दोन. मग वाक्य. अक्षर इतकं सुरेख आलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. नऊ हजार चिठ्ठ्यांत खोटी अशी ही पहिलीच. खोटी तरी कशी म्हणायची, छापलेलं तर आहे, असं तिने स्वतःला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावायला गेली तेव्हा मिस्टर हॅलिडेंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिने चिठ्ठी पाकिटात घातली, तिकीट लावलं, आणि पाकीट घड्याळाच्या मागे ठेवलं. टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पण तिचे पाय काही निघेनात.

दुपारी शेकोटीच्या मागच्या भिंतीवर ठकठक झाली. इंजिन रो या त्यांच्या चाळीतली घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, दोन शेकोट्यांच्या मध्ये एकच वीट. निखारे सारायची सळई आतून त्या विटेवर आपटली की शेजाऱ्याला कळतं. दोनदा म्हणजे चहा तयार आहे. न थांबता आपटत राहिलं तर डॉक्टरला बोलवा. तीनदा म्हणजे ये, काम आहे. ही तीनदा होती.

डोराने लीकच्या सुपाचं भांडं उचललं आणि मागच्या दाराने नॉर्मनकडे गेली. लीक, म्हणजे ते जाड पातीचे कांदे, त्याच्याच वाफ्यातले, गेल्या हिवाळ्यापर्यंत त्यानेच वाढवलेले. या वर्षी वाफा डोरा बघते आणि तो खिडकीतून तिच्या चुका काढतो.

नॉर्मन उशांना टेकून बसला होता. मांडीवर ‘मेसेंजर’ होता, पान अकरा वर. त्याला बोलायला हवा मोजून वापरावी लागे, म्हणून तो उगाच बोलायचा नाही. बोलला तर थांबत थांबत.

‘तुला हा शब्द कुठून सुचला?’ त्याने विचारलं.

‘आठवला,’ डोरा म्हणाली. खरं सांगायचं तिला तोंड नव्हतं. कोशाचं सगळं प्रकरण तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्याला ते खूळ वाटलं असतं.

‘चुकीचा वापरलास.’

डोराने भांडं खाली ठेवलं. उभ्या आयुष्यात तिला शब्दाच्या बाबतीत कोणी असं म्हटलं नव्हतं, आणि तेही अशा माणसाने, ज्याने वाचनालयातून फक्त कबुतरांवरची पुस्तकं नेली होती.

‘नॉर्मन ट्वेडल,’ ती म्हणाली, ‘तो शब्द विल्फला मी शिकवलाय. कोश उघडून. अंधारलेला, काळोखाने भरलेला.’

‘कोशात असेल. खाली तसा नव्हता.’ तो थांबला, श्वास घेतला. ‘घरात एकटी बाई असली तर ते टेनेब्रस नव्हे, डोरा. तो नुसता अंधार.’

मग त्याने सांगितलं. एका दमात नाही, सूप निवेपर्यंत सांगत होता.

१९३८ च्या ऑक्टोबरात तिसऱ्या थरात छत बसलं, तेव्हा ते चौघे आत होते. एवढं डोराला माहीत होतं. अकरा तास ती खाणीच्या फाटकाशी उभी होती, बाकीच्या बायकांबरोबर. विल्फ बाहेर आला, घरी येऊन टबात बसला, डोकं धुतलं, जेवला, आणि त्या दिवसाबद्दल पुढे अठ्ठावीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. तिनेही विचारलं नाही. खाणीतलं खाणीत ठेवायचं, घरच्या उंबऱ्यावर बूट काढताना तेही काढून ठेवायचं, ही तिथल्या पुरुषांची शिस्त होती आणि बायकांनी ती मानली होती.

आत काय झालं ते असं. दिवे फुटले. चौघे चार ठिकाणी दगडाआड, हात पुरेल इतक्या अंतरावर कोणीच नाही. तिथला अंधार वर कुणी बघितलेला नसतो. आपला हात डोळ्यांपुढे धरला तरी तो आहे की नाही याची खात्री पटत नाही, आणि थोड्या वेळाने आपणही आहोत की नाही याची पटेनाशी होते. सगळे गप्प झाले होते. एकमेकांना हाका मारायला कोणी धजत नव्हतं, कारण नाव घेऊन हाक मारावी आणि उत्तर येऊ नये, हे कोणालाच ऐकायचं नव्हतं. तेव्हा विल्फ अगदी वाचनालयात बसल्यासारख्या आवाजात म्हणाला, ‘मंडळी, हे फारच टेनेब्रस आहे.’ बिली रेन दगडाखालून ओरडला, काय आहे म्हणालास? विल्फने पुन्हा सांगितलं. टॉमस हसला. नॉर्मनने मुद्दाम पाद्र्यासारखा सूर लावून तो म्हटला. असे चौघांचे चार आवाज झाले, आणि ते मोजता आले.

मग विल्फने ती रीतच लावली. अधूनमधून तो म्हणायचा, टेनेब्रस, आणि बाकीच्यांनी पाठोपाठ म्हणायचं. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. नवव्या तासाला चार आवाजांच्या जागी तीनच आले. विल्फ म्हणत राहिला.

‘पुढे कधीही दिवा गेला,’ नॉर्मन म्हणाला, ‘की ज्याचा गेला त्याने म्हणायचं. बाकीच्यांनी म्हणायचं. नवीन माणसं यायची, त्यांना वाटायचं आम्ही टवाळी करतोय. थोडी करतही होतो.’ त्याने डोळे मिटून श्वास गोळा केला. ‘पण अर्थ तोच. अंधार आहे, पण मी इथे आहे. तू आहेस का?’

डोराने निवलेलं सूप त्याच्यापुढे सारलं. तिला विल्फ आठवला नाही, स्वतःचा आवाज आठवला. हो रे, कळलं. झोप आता. रोज, अठ्ठावीस वर्षं. त्या ऑक्टोबरातल्या रात्री तर ती अधिकच फटकन बोलली होती. अकरा तास फाटकाशी उभी राहून पाय सुजले होते, आणि हा माणूस दिवा मालवून पुस्तकी शब्द फेकतोय, याचा तिला राग आला होता. माणूस अंधारात विचारत होता, तू आहेस का, आणि ती त्याला झोपायला सांगत होती. आपण त्याच्यावर किती वर्षं एकट्याने झोपायची पाळी आणली, असं तिला वाटलं.

तिने ते नॉर्मनला सांगितलं. इतरांना सांगता आलं नसतं. रडू आलं, ते तिने आवरलं नाही.

नॉर्मनने सुपाचा चमचा बाजूला ठेवला. ‘बिलीला तो शब्द कधीच जमला नाही,’ तो म्हणाला. ‘नऊ तासांत एकदाही नाही. शेवटी शेवटी तर शिव्याच घालायचा. विल्फ म्हणाला, चालेल, आवाज आला ना.’ मग पुन्हा श्वास. ‘तू काही ना काही म्हणायचीस ना रोज?’

‘झोप म्हणायचे.’

‘मग झोपायचा तो. आम्हाला सांगायचा. माझी बायको मला झोप म्हणते आणि मी झोपतो. टॉमसला रात्ररात्र झोप नसायची, मला अजून नाही. विल्फला यायची.’

घरी येऊन डोराने घड्याळामागचं पाकीट काढलं. तिकीट न फाडता सोडवून घेतलं, कारण तिकीट तिकीट असतं, आणि चिठ्ठी शेकोटीत टाकली. वाचक म्हणून तिने पेरलेला दाखला तर तो होताच, वर तो चुकीच्या अर्थाचा होता. असली चिठ्ठी दुसऱ्या कुणी पाठवली असती तर तिने त्याला पुरता सोलला असता. शब्दाला क्रूस लागणार होता, तर लागू दे. निदान खोट्या साक्षीवर तो जगला असं व्हायला नको. असं ती मनाशी म्हणाली खरी, पण त्या आठवड्यात तिचं कशातच लक्ष लागलं नाही. वाफ्यातले दोन लीक तिने मधोमध तोडले आणि नॉर्मनने खिडकीतून बघूनही काही म्हटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ‘मेसेंजर’ आला. संपामुळे तो निम्मा झाला होता, आठच पानं. पहिल्या पानावर वीज कुठल्या भागात किती वाजता जाणार याचं वेळापत्रक होतं. डोराने सवयीने स्मरणाचं सदर उघडलं, पान सहा. तिथे सगळ्यात खाली, चौकट नाही, कविता नाही, सतरा नंबर नाही, एवढंच छापलं होतं:

‘टेनेब्रस, विल्फ. नॉर्मन.’

ती तशीच, पेपर हातात धरून, मागच्या दाराने गेली. नॉर्मनने मान वर केली. तिने विचारलं, हे कधी केलंस? तो म्हणाला, पोस्टाने पाठवलं, पोस्टमनलाच पेटीत टाकायला दिलं. का केलंस, असं विचारल्यावर मात्र तो वैतागला.

‘का म्हणजे? तू शब्द पेपरात पुकारलास. विल्फ उत्तर देणार आहे का? टॉमस? मग राहिलं कोण?’

त्याला कोश माहीत नव्हता, ‘टी’ अक्षर माहीत नव्हतं, क्रूस माहीत नव्हता. त्याने तो शब्द फक्त वापरला होता. डोरा घरी आली आणि तिने चिठ्ठी केली. डाव्या कोपऱ्यात शब्द, ११ फेब्रुवारी १९७२, पान सहा. वाक्य जसंच्या तसं, दोन शब्द आणि सही. वाचकाने अर्थ लिहायचा नसतो, ते कोशकारांचं काम. म्हणून अर्थ तिने वेगळ्या पत्रात लिहिला, चार पानं. छत बसल्याचं लिहिलं, चार आवाज आणि तीन आवाज लिहिले. आणि शेवटी, मिस्टर हॅलिडेंची क्षमा मनात मागून, आदल्या आठवड्यात आपण काय केलं तेही लिहिलं, पान अकरा, स्तंभ दोन, लपवाछपवी न करता. हा दाखला माझ्या त्या चुकीच्या वापराला मिळालेलं उत्तर आहे, तेव्हा तो धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा, माझं नाव वाचकांच्या यादीतून काढायचं असेल तर तेही काढा.

पत्र टाकल्यावर दहा दिवस काही आलं नाही. अकराव्या दिवशी आलं. मिस प्रॉक्टरचा मजकूर या वेळी हाताने लिहिलेला होता, एरवी टाइप केलेला असे.

‘आपली चार पानं इथे तिघांनी वाचली. एका दाखल्यावर नवा अर्थ देता येत नाही, ते आपण जाणता. आपली ४ तारखेची ओळ आम्ही धरलेली नाही. ११ तारखेची धरली आहे. तिच्या लेखकाला कोशाची कल्पना नव्हती, आणि माणसं शब्द वापरतात ते असंच. शब्दापुढचा क्रूस काढला आहे. ‘केवळ काव्यात’ हेही काढलं आहे. खाली शेवटचा ज्ञात वापर म्हणून मिस्टर ट्वेडल यांची ओळ येईल. आपलं नाव यादीतून काढण्याचा प्रश्नच नाही. नॉर्मन ट्वेडल यांची प्रकृती कशी आहे?’

डोराने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. नॉर्मनला काय आणि कसं सांगायचं ते ठरवत होती. तुझं नाव कोशात येणार आहे म्हटलं तर तो विचारेल, कबुतरांच्या कोशात की लीकच्या.

संध्याकाळचे सहा वाजले आणि वेळापत्रकाप्रमाणे वीज गेली. रस्त्यावरचा दिवा गेला, समोरच्या खिडक्या गेल्या. शेकोटीत जेमतेम राख होती, कोळसा जपून वापरायचा म्हणून. मेणबत्ती टेबलाच्या खणात होती, काडेपेटी तिच्या शेजारी. डोराने खणाकडे हात नेला.

भिंतीवर ठकठक झाली. एकदाच. दोनदा म्हणजे चहा, तीनदा म्हणजे ये. एकदा ठोकायची रीत इंजिन रोमध्ये कधीच नव्हती. नॉर्मनला ओरडायला हवा पुरत नव्हती, एवढंच.

डोराने अंधारात चाचपडत सळई शोधली आणि त्या विटेवर एकदा ठोकली. मग खुर्चीत टेकून बसली, आणि विल्फला कळेल अशा आवाजात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, तो शब्द पुरता उच्चारला.

मेणबत्ती तिने बऱ्याच वेळाने लावली.